आई-दादांना तिकडच्या डॉक्टरकडे नेण्याआधी

लातूर, परभणी, बीडकडचे आईवडील सहा महिन्यांसाठी परदेशातल्या मुलांकडे निघतात तेव्हा बॅगेत येसर असतं, शेंगदाण्याची चटणी असते, ज्वारीचं पीठही असतं. केसपेपर मात्र घरच्या कपाटात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत पडून राहतात. मग तिकडे एक दिवस चक्कर येते आणि मुलगा सुट्टी टाकून दवाखान्यात नेतो. डॉक्टर चांगला असतो, वेळही देतो, पण निम्मी माहिती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो त्याच्या सवयीचे प्रश्न विचारतो आणि आपली माणसं विचारलं तेवढंच सांगतात. परदेशातल्या डॉक्टर-नर्सना वेगवेगळ्या समाजांतले रुग्ण समजून घ्यायचं शिक्षण हल्ली मिळतं. पण त्या शिक्षणातला ‘भारतीय रुग्ण’ औशाचा किंवा गेवराईचा नसतो. ही उणीव घरच्यांनीच भरून काढायची असते, आणि ते अवघड नाही.

सुरुवात गोळ्यांपासून करा. आपल्याकडे मेडिकलवाला दहाच्या पत्त्यातून सहा गोळ्या कात्रीने कापून देतो. औषधाचं नाव, ताकद आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर राहून जाते. आईच्या डब्यात नुसते चंदेरी तुकडे असतात आणि ती ‘पांढरी बीपीची, पिवळी शुगरची’ म्हणून ओळखते. प्रवासासाठी अख्खे पत्ते घ्या. सोबत डॉक्टरच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ‘ग्लायकोमेट जीपी १’ म्हटलं तर तिकडे कुणाला कळणार नाही. ‘मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १’ हे कुठेही कळतं. काही औषधं तिथे मिळतच नाहीत. व्हिल्डाग्लिप्टिन आणि डॉम्पेरिडोनला अमेरिकेत विक्रीची मंजुरी नाही, निमसुलाइडलाही नाही. यांतलं एखादं चालू असेल तर पर्याय निघण्याआधीच इथल्या डॉक्टरला विचारा, तिथे संपल्यावर नाही. काही औषधं तीच असतात, नाव निराळं असतं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होतं, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होतं. घरून आणलेली डोलो आणि तिथलं टायलेनॉल एकाच दिवशी घेतलं तर एकाच औषधाचा दुप्पट डोस जातो. सर्दीच्या तयार औषधांतही पॅरासिटामॉल बऱ्याचदा असतं. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर ते जाऊ नये.

याहून महत्त्वाचं म्हणजे आई त्या गोळ्या खरंच किती घेते, हे आधी घरी विचारून घ्या. ‘गरम पडतात’ म्हणून अर्धीच घेणं, बरं वाटलं की बंद करणं, शेजारणीची एखादी मध्येच घेऊन बघणं, हे सर्रास चालतं. कागदावर पूर्ण गोळी आणि बीपी तरी वाढलेलं, असं दिसलं की तिकडचा डॉक्टर डोस वाढवतो. मुलाच्या घरी सून डब्या भरून देते, त्यामुळे आई पहिल्यांदाच रोज पूर्ण गोळी घेऊ लागते, तीही वाढवलेली. आठवड्याभरात बीपी एकदम खाली येतं आणि रात्री बाथरूमला उठताना ती पडते. विचारताना ‘गोळ्या नीट घेतेस ना गं?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च येणार. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असं विचारा. चूर्ण, काढा, भस्म, गावच्या वैद्याची पुडी यांचीही नोंद करा. काही रसौषधींत, म्हणजे धातूंची भस्मं घातलेल्या आयुर्वेदिक औषधांत, शिसं आणि पारा सापडलेला आहे आणि तिकडचे डॉक्टर त्यावरून रागावतात. राग आला तरी चालेल, सांगायचंच.

रिपोर्टमधले आकडे बघून घाबरू नका, एककं वेगळी असतात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या मापात येते. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिकडचा आकडा मिळतो: १८० म्हणजे १०. ब्रिटनमध्ये साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ७ टक्के असेल तर ५३ लिहितात, हिमोग्लोबिन १०.५ असेल तर १०५. वजनाचंही एक सांगून ठेवतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४ असला की तिकडे ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ शकतात. आपल्या लोकांसाठी धोक्याची रेषा २३ पासून धरतात. साखर तपासायची मागणी करा.

दुभाषा मागा. हे उपकार नाहीत. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला फुकट दुभाषा द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत, एनएचएसमध्येही मिळतो. ऑस्ट्रेलियात सरकारी दुभाषा सेवेचा क्रमांक १३१४५० आहे. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ सांगा, नाहीतर ‘इंडियन’ म्हणून हिंदीचा माणूस जोडून देतात. नांदेड-संभाजीनगरकडची हिंदी दखनी वळणाची. दिल्लीच्या दुभाष्याची हिंदी आईला अर्धीच कळते आणि ती मान डोलावत राहते. बायकांच्या तक्रारीसाठी जात असाल तर बाई दुभाषी मागा. दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट घ्या.

मुलगा-सून इंग्रजीत फाडफाड बोलत असले तरी दुभाष्याचं काम त्यांनी करू नये, शाळकरी नातवाने तर नाहीच. अंगावरून पांढरं जातं हे आई मुलासमोर बोलणार नाही, आणि लघवी थांबत नाही हे दादा सुनेसमोर बोलणार नाहीत. शेवटी डॉक्टरला एक सांगा: ‘समजलं का?’ असं न विचारता ‘घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, सांगा बघू’ असं विचारा. आपली माणसं मानापोटी ‘हो साहेब’ म्हणतात. ते ‘हो’ म्हणजे नुसतं ‘ऐकलं’. ‘कळलं’ असं नव्हे.

आता उपवास. रमजानच्या रोज्यांत मधुमेहाची औषधं कशी बदलायची याची मार्गदर्शक पत्रकं तिकडच्या डॉक्टरांकडे असतात. आषाढी, चतुर्थी, श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे नऊ दिवस यांची खबर मात्र त्यांना नसते. तारखा लिहून द्या, तीन-चार आठवडे आधी. आणि उपवास कसला तेही सांगा, कारण निर्जळी वेगळी आणि साबुदाणा-भगर-रताळ्याची वेगळी. एकीत साखर पडते, दुसरीत चढते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर धोकादायक उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर तो धोका बराच कमी. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली, लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी असेल तर पाणी न पिता उपवास करूच नये. डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. साखर उपवासाला चालते, हे आईशी आधीच बोलून ठेवा. घाम फुटल्यावर वाद नको.

आहारतज्ज्ञ ओट्स आणि सॅलड लिहून देते ते आपल्या लोकांना अशक्य वाटतं, म्हणून कागद फ्रिजवर चिकटतो आणि ताटात काहीच बदलत नाही. त्यापेक्षा भाकरीचं पीठ काट्यावर तोलून सांगा. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण पस्तीस ग्रॅम कर्बोदकं येतात. एवढं सांगितलं की तीच बाई भाकरीभोवती हिशेब बसवून देते. लोणचं, पापड, ठेचा हे बीपीवाल्याच्या मिठाच्या हिशेबात धरा. तिला त्यांची नावंही माहीत नसतात.

न विचारलं तरी सांगायच्या तीन गोष्टी. पहिली मिश्री. ‘स्मोकिंग करता का’ या प्रश्नाला आईचं उत्तर ‘नाही’ आणि ते खरंच असतं. तंबाखू-चुना, गुटखा, दात घासायची मिश्री यांचं वेगळं सांगा आणि तोंड आतून तपासायला सांगा. तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवडे न भरलेली जखम दाखवायलाच हवी.

दुसरी, पिशवीचं ऑपरेशन. मराठवाड्यात तिशीतच गर्भपिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत. बीडच्या ऊसतोड मजूर बायकांच्या प्रश्नावर २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. तिकडच्या डॉक्टरला नुसतं ‘ऑपरेशन झालंय’ पुरत नाही. कोणत्या वयात झालं, कशासाठी, अंडाशय ठेवली की काढली, पिशवीचं तोंड राहिलंय का, हे त्याला लागतं. तोंड राहिलं असेल तर कर्करोगाची स्मिअर तपासणी चालू ठेवावी लागते. अंडाशय पंचेचाळिशीच्या आत काढली असतील तर हाडांची तपासणी मागा. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर त्या दवाखान्यात आत्ताच जाऊन विचारा. तिकडून फोनवर काही मिळत नाही.

तिसरी, अंगावरचं. एमआरआयच्या आधी गोंदण दाखवा, जुन्या शाईत लोहाचा अंश असू शकतो. मंगळसूत्र काढावं लागतं. आईची तयारी आदल्या रात्री करा, वाटल्यास धातू नसलेला काळ्या मण्यांचा दोरा सोबत ठेवा. माळकऱ्यांच्या तुळशीमाळेला सहसा अडचण येत नाही, पण विचारून घ्या. ऑपरेशन असेल तर आणखी एक: रक्त पातळ ठेवायचं हेपारिनचं इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनतं, कॅप्सूलचं आवरणही बहुधा प्राणिजन्य. चालत नसेल तर वेळेत सांगितल्यास पर्याय निघतात.

गंभीर आजार निघाला की आपल्याकडे आधी मुलाला बाहेर बोलावून सांगतात. तिकडे रुग्णालाच सांगतात. ‘आईला सांगू नका’ हे तुम्ही तिच्यासमोर बोललात तर दुभाषा तेही भाषांतर करून सांगेल, कारण समोर बोललेलं काहीही गाळायचं नाही हा त्याच्या कामाचा नियमच आहे. रिपोर्ट यायच्या आधीच आईने स्वतः सांगावं की ‘सगळं मला ऐकायचं नाही, मुलाशी बोला’, आणि ते नोंदवून घ्यावं. तसा अधिकार रुग्णाला असतो. तुम्हाला बाहेर थांबवून आईला ‘घरी कुणी मारतं का, जीव नकोसा होतो का’ असं विचारतील. हे सगळ्यांनाच विचारतात, अपमान समजू नका.

विमा इथूनच घ्या आणि जुन्या आजारांचं कलम वाचा. बहुतेक पॉलिसी ते वगळतात. अमेरिकेत छातीत दुखू लागलं तर विम्याचा कागद शोधत बसू नका. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत तपासणं आणि जीव सावरणं दवाखान्याला भाग आहे. बिल नंतर येतं, जबर येतं.

बाळंतपणासाठी आजी गेली असेल तर वाद बाळावरून होतात. बाळाला तेल लावून अंघोळ चालते, बाळंतिणीला डिंकाचे लाडू चालतात. बाळाला मध वर्षाच्या आत नाही, चाटणाला सुद्धा नाही, त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही. काजळात शिसं असू शकतं आणि तिकडे बाळाच्या रक्तात शिसं तपासतात. सापडलं तर घराची झडती घेतल्यासारखे प्रश्न येतात. धुरीने अलार्म वाजतो ते सोडा, बाळाच्या छातीला ती वाईट. आणि बाळाच्या ढुंगणावर, कमरेवर जन्मतः निळसर डाग असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरला दाखवून फाइलमध्ये जागा आणि आकारासह लिहून घ्या. आपल्या बाळांत तो नेहमीचा आहे. नोंद नसेल तर पाळणाघरातली बाई त्याला माराचा वळ समजून तक्रार करू शकते.