737 च्या कॉकपिटात कुठला हेडसेट बरा?

प्रश्न : सर, मी डोंबिवलीची, गेले आठ महिने बोइंग 737 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, झाले की रात्री घरी कानात बारीक शिट्टी वाजत राहते, सकाळपर्यंत जाते. कंपनीचा हेडसेट हलका आहे, कानावर नुसता टेकतो. एक बॅचमेट म्हणतो मोठ्या कपांचा नॉइज कॅन्सलिंगवाला घे, दुसरी म्हणते कानात बोंडं घालायचा घे. दोन्ही लाखाच्या आसपास, आणि ट्रेनिंगच्या लोनचे हप्ते चालूच आहेत. मला चष्मा पण आहे. काय घेऊ?

उत्तर : अगं, हेडसेटचं सांगतोच, पण आधी ती शिट्टी. सकाळी जाते म्हणून सोडून देऊ नकोस, मी तेच केलं आणि आज माझ्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, उजव्या कानाची रेघ 4000 हर्ट्झला खड्ड्यात उतरते. उजवाच का, तर मी कॅप्टनच्या डाव्या सीटवर, आणि को-पायलटचं बोलणं ऐकू यावं म्हणून उजवा कप कानामागे सरकवून ठेवायची सवय, वर्षानुवर्षं. तू उजवीकडे बसतेस, म्हणजे तुझा डावा कान उघडा राहत असणार. शिट्टी डावीकडे जास्त वाजते का, आज रात्री नीट लक्ष देऊन ऐक.

आता हा आवाज येतो कुठून? इंजिनं तर लांब मागे राहिली. 737 चं नाक आणि पुढच्या काचा बोइंगच्याच जुन्या 707 विमानावरून आल्यात, हवा त्या काचांच्या कडांवर फुटते आणि सतत सूंऽऽ असा आवाज, वर इक्विपमेंट कूलिंगचे पंखे. एअरबस ए320 वरून आलेला माणूस पहिल्या दिवशी दचकतोच.

नॉइज कॅन्सलिंगमध्ये कपातला छोटा माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि स्पीकर बरोब्बर उलटी लाट सोडतो, दोन्ही एकमेकींना मारतात. 100 हर्ट्झच्या घरघरीची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, तिला गाठणं सोपं, पण 4000 हर्ट्झची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, सर्किट उत्तर देईपर्यंत ती पुढे गेलेली असते. म्हणून फ्लाइंग क्लबात सेसनावर, प्रोपेलरच्या घरघरीत हा प्रकार जादूसारखा वाटतो, आणि तुझ्या कॉकपिटातला तो वरच्या पट्टीतला सूंऽऽ मात्र बराचसा अडवायचा असतो कपाच्या सीलने, म्हणजे कानाभोवती घट्ट बसणाऱ्या गादीने, किंवा कानातल्या बोंडाने. कानावर नुसता टेकणारा हेडसेट इथेच कमी पडतो, मग आपण एटीसी, म्हणजे जमिनीवरचा कंट्रोलर, ऐकायला व्हॉल्यूम वाढवत जातो आणि कानाला दोन्हीकडून मार.

चष्म्याचं नीट बघ. जाड काडी सीलखालून जाते तिथे फट पडते. क्रूझमध्ये, म्हणजे वर एका उंचीवर सरळ उडताना, तळहाताने कप कानावर दाब, आवाज एकदम उतरला तर सील गळतोय समज. फ्रेम बदलून बारीक तारेच्या काडीची घे, लाखाच्या खरेदीआधी हा खर्च कर. अंबाडा वर बांधत असशील तर हेडबँड नीट बसत नाही, आणि कपाखाली टॉप्स असले तर तिसऱ्या सेक्टरला कान ठणकतो.

माझं मत विचारशील तर चष्मेवालीला बोंडांचा बरा, बोस प्रोफ्लाइट सिरीज 2 सारखा, वजन 130 ग्रॅमच्या आसपास, काडीचा प्रश्नच नाही, आणि वर टॅप केलं की बाजूच्याचं बोलणं ऐकू येतं त्यामुळे कान उघडा ठेवायचं निमित्तच संपतं. पण कान फुटायची, बुरशी व्हायची सवय असेल तर मुंबईच्या पावसाळ्यात रोज आठ तास बोंडं घालू नकोस. मग कपवालाच. आणि हप्त्यांचा ताण असेल तर डेव्हिड क्लार्क एच10-13.4 चा विचार कर, बॅटरी नाही, काही नाही, किंमत बरीच कमी, 23 डेसिबलचं रेटिंग सगळं सीलच्या जोरावर. जड आहे आणि डोकं आवळतो, तेवढं मात्र सोसावं लागेल.

पैसे देण्याआधी फ्लीट ऑफिसला विचार कुठले मॉडेल चालतात, आणि प्लग बघ. बोइंगला बहुतेक दोन जॅक, एअरबसला पाच पिनांचा एक्सएलआर, उद्या फ्लीट, म्हणजे विमानाचा प्रकार, बदललं तर अडॅप्टर लागेल. बाजारातले गाण्याचे हेडफोन माइक लावून आणू नकोस, त्यांना टीएसओ, म्हणजे विमानातल्या उपकरणांसाठी लागणारी, मंजुरी नसते. आणि बॅचमेटचा हेडसेट चार सेक्टर मागून घे, बोंडं मात्र स्वतःची लाव. दुकानात दहा मिनिटं घालून काही म्हणजे काही कळत नाही.

नवा आला की व्हॉल्यूमची नॉब आधी जिथे ठेवायचीस त्याच्या खाली ठेवून सुरुवात कर. कामाच्या जागेच्या आवाजाचा अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने घालून दिलेला हिशोब असा की 85 डेसिबलला आठ तास, 88 ला चारच, 91 ला दोन, म्हणजे तीन-तीन डेसिबलनी वेळ निम्मा होत जातो.

आणि लायसन्सच्या मेडिकल तपासणीची वाट न बघता ऑडिओग्राम करून घे. ड्युटीवरून उतरून थेट जाऊ नकोस, निदान चौदा तास शांततेत गेले पाहिजेत, त्यात लोकलचा प्रवासही नको, म्हणून सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीतच कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि तो कागद जपून ठेव, पुढच्या वर्षीचा त्याच्या शेजारी ठेवून बघायचाय.