बी.एड. वाया जाणार नाही. सव्वा लाख मात्र जाऊ शकतात

नमस्कार गुरुजी,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी., वर बी.एड.; लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि टीएआयटी, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, देऊन नेमणुकीची वाट पाहते आहे. आता तिला ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’मध्ये जायचंय, म्हणजे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम घडवण्याच्या कामात. एका खासगी संस्थेने ‘नोकरीची हमी’ देत सहा महिन्यांच्या कोर्सचे सव्वा लाख मागितलेत. हे खरोखर काम आहे का, पैसे भरावेत का, बी.एड. वाया जाईल का, आणि तिचं इंग्रजी चालेल का, असं तुम्ही विचारता.

आधी पैशांचं. आत्ता भरू नका. अशा कोर्सांत बहुतेक वेळ सॉफ्टवेअर शिकवण्यात जातो आणि सॉफ्टवेअर हा या कामाचा सोपा भाग आहे. ऑनलाइन वर्ग चालवायचं मूडल फुकट आहे, धड्यात प्रश्न-खेळ घालायचं एचफाइव्हपी फुकट आहे. कंपन्यांत चालणारं धडे बनवायचं आर्टिक्युलेट स्टोरीलाइन विकतचं असलं तरी काही दिवस मोफत वापरून पाहता येतं.

अवघड भाग तुम्ही स्वतः केलेला आहे. द्विशिक्षकी शाळेत वर्षं काढली, असं तुम्ही लिहिलंय. तिसरीला शिकवताना चौथीला जे काम लावून द्यायचात, ते तुम्ही शेजारी नसताना मुलांना समजावं, अडलं तर पुढची वाट सापडावी आणि चुकलं तर त्यांचं त्यांना कळावं, अशा बेताने लावत होतात. ऑनलाइन शिक्षणाची सगळी रचना याच अडचणीवर उभी आहे. फक्त इथली चौथी मस्कत, काठमांडू आणि नैरोबीत विखुरलेली असते.

तिच्याच विषयातलं उदाहरण घेतो, टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने घालून त्याची तीव्रता मोजणं. वर्गात आपण व्याख्येपासून सुरू करतो. डिझायनर शेवटापासून सुरू करतो: धडा संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे? ब्युरेटचा, म्हणजे थेंब सोडणाऱ्या खुणांच्या नळीचा, फोटो पाहून रीडिंग बरोबर सांगता यावं. फिनॉल्फ्थेलिन या दर्शकाचा रंग फिका गुलाबी झाला की थांबायचं आणि गडद झाला तर थेंब जास्त पडले, हे ओळखता यावं. हे तपासणारे प्रश्न आधी लिहायचे. त्या प्रश्नांना उपयोगी पडेल तेवढंच धड्यात ठेवायचं, बाकी कितीही आवडतं असलं तरी काढून टाकायचं. विषयतज्ज्ञांशी भांडणं होतात ती इथेच.

मग शिकणारा कोण, हे पाहायचं. त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही. मोबाइल आहे, डेटा मोजका आहे. म्हणजे चाळीस मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा सहा फोटो आणि दोन छोट्या क्लिप बऱ्या. एखाद्याला रंगांतला फरक नीट दिसत नाही. त्याला फिका गुलाबी आणि रंगहीन यांतला भेद फोटोवरून कसा कळणार? तिथे पीएचचा (आम्लतेच्या मापाचा) आलेख किंवा शब्दांतलं वर्णन हवंच. थेट तास न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सातला ठेवला, तर लातूरच्या मुलीला हिवाळ्यात पहाटे साडेपाचला उठावं लागतं आणि तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकली की साडेचारला. मग तो तास सक्तीचा कशाला ठेवायचा? चर्चेचंही तसंच. ‘तुमचं मत मांडा’ म्हटलं की आपल्याकडची मुलं ‘व्हेरी नाइस सर’ लिहून मोकळी होतात, कारण शिक्षकाशी चारचौघांत असहमत होण्याची त्यांना सवयच नसते. त्याऐवजी मुद्दाम चुकवलेला निरीक्षण तक्ता द्या आणि चूक शोधायला सांगा. मग तीच मुलं तुटून पडतात.

बी.एड.चं टाचण, उद्दिष्टं, ब्लूमची (शिकण्याच्या पायऱ्यांची) वर्गवारी, सगळं इथे रोज लागतं. मुलाखतीत ‘ॲडी’ हा शब्द येईल, अभ्यासक्रम घडवण्याच्या पाच टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी ही रीत बसवली गेली. ती पाठ असली म्हणजे काम येतं असं नाही, पण विचारतात.

इंग्रजीबद्दल मी खोटा धीर देणार नाही. लिहिण्यात तिचं साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी चालेल, उलट बरंच. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची ती मातृभाषा नसतेच. पण परदेशी प्राध्यापकाला कॉलवर खोदून खोदून विचारता आलं पाहिजे, ‘विद्यार्थी नेमके कुठे चुकतात?’ त्यासाठी बोलण्याचा सराव लागेल आणि तो आजपासून.

काम पुण्या-मुंबईत आणि बंगळुरूत आहे. परदेशी प्रकाशक, विद्यापीठं, कंपन्यांसाठी अभ्यासक्रम बनवून देणाऱ्या संस्थांत. मात्र नुसता मजकूर लिहिणं आणि स्लाइडा सजवणं आता यंत्राकडून झपाट्याने होतं, आणि नवख्यांना बहुधा तेच काम मिळायचं. म्हणून हातात दाखवण्यासारखं काहीतरी हवं. तिने टायट्रेशनचाच अर्ध्या तासाचा धडा बनवावा, तिला न ओळखणाऱ्या तीन-चार मुलांना द्यावा आणि ती कुठे थांबतात, कुठे मागे जातात, हे तोंडातून शब्द न काढता शेजारी बसून पाहावं. मग धडा बदलावा. आधीची प्रत, नंतरची प्रत आणि बदलाचं कारण, एवढं एका पानावर मांडलं तर मुलाखतीत त्या संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त वजन पडेल.

हे करताना गोडी टिकली, तर रीतसर पदवीचा विचार करा. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधनात रमली तर आयआयटी मुंबईत याच विषयात पीएच.डी. होते. चालू वर्षाचं शुल्क आणि अटी तिथेच विचारून घ्या. परदेशातली पदव्युत्तर पदवी दोन-तीन वर्षं काम केल्यावर, आधी नाही. कर्ज काढून तर नाहीच.

आणि त्या संस्थेचा फोन परत आला, तर हमी लेखी मागा: कोणती नोकरी, किती पगार, न मिळाल्यास पैसे किती दिवसांत परत. दरम्यान तासिका सोडायला सांगू नका. पुढची टीएआयटी निघाली तर तीही तिला देऊ द्या.