‘मिनिएचर कोल्हापुरी’ यातला ‘मिनिएचर’ शब्द ‘मिनी’वरून आला का?

नाही, उलट आहे: ‘मिनी’ हा ‘मिनिएचर’चाच तोडलेला तुकडा आहे. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर किल्लीला अडकवायच्या बोटाएवढ्या चपलांवर तुम्ही ही पाटी वाचलीत, तिथे अर्थ ‘छोटी प्रतिकृती’ असाच घ्यायचा. मुळात मात्र या शब्दाचा आकाराशी काही संबंध नव्हता. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून केलेला तांबडा रंग, म्हणजे आपल्याकडे मारुतीला तेलात कालवून चढवतात तो शेंदूरच. छापखाने येण्याआधी युरोपात पोथ्या हाताने लिहीत आणि मथळे, सुरुवातीची अक्षरं या रंगाने उठवत. त्या कामाला ‘मिनियारे’ म्हणत, त्यावरून इटालियनमध्ये पोथीतल्या चित्राला ‘मिनियातूरा’ नाव पडलं. पोथीचं पान ते केवढं, त्यातलं चित्रही तेवढंच! शिवाय ‘मिनिमम’, ‘मायनस’ हे शब्द कानाला जवळचे, त्यामुळे अर्थ रंगावरून सरकून लहानपणावर आला. इंग्रजीत हा शब्द 16व्या शतकाच्या अखेरीस दिसतो. सुटा ‘मिनी’ रुळला तो 20व्या शतकात. 1959 साली आलेली मिनी मोटार आणि नंतरचा मिनीस्कर्ट यांनी तो घरोघरी नेला. हे सगळं इंग्रजी व्युत्पत्तिकोशांत सापडतं.

एक लक्षात ठेवा: चित्रकलेत, म्हणजे मुघल, राजपूत किंवा दख्खनी शैलीबद्दल बोलताना, ‘मिनिएचर’ म्हणजे मोठ्या चित्राची छोटी नक्कल नव्हे. ती स्वतंत्र लघुचित्रं असतात, आणि त्यांतली कितीतरी खरोखरच पोथ्यांसाठी काढलेली आहेत.