फ्रिजवरचा न उघडलेला लिफाफा

"मॅडम, नोकरी गेली. आता कोब्राचे हप्ते भरायचे की विम्याशिवायच राहायचे?" माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याविषयी एकदा लिहिणे मला आवश्यक वाटले.

कोब्रा हा अमेरिकेत १९८६ साली झालेला कायदा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने नोकरीवरून कमी केले, तर तोच आरोग्य विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो. मात्र कंपनी भरत असलेला वाटाही आपल्यालाच भरावा लागतो आणि त्यावर २ टक्के खर्च आकारला जाऊ शकतो.

एडिसनच्या समीर यांच्या (नाव बदलले आहे) पगारातून दरमहा ५४० डॉलर कापले जात. आता कुटुंबासाठी २,२९० भरावे लागणार होते. कंपनीचे कोब्राविषयीचे पत्र तीन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली तसेच होते.

"उघडले नाही?"

"आकडा ईमेलवरून कळला आहे. उघडून काय करू?"

"विमा घेतला नाही तर?"

"बायको-मुलाला मी वाऱ्यावर सोडले असे होईल."

"आणि घेतला तर?"

"बचत संपेल, तेव्हाही तेच होईल."

दोन्ही वाटांच्या टोकाला त्यांनी स्वतःविरुद्ध एकच निकाल लिहून ठेवला होता. घटनेपेक्षा तिला लावलेला अर्थ माणसाला अधिक पोळतो, ही माझी जुनी धारणा. म्हणून रकमेवर आणखी चर्चा न करता मी पुढच्या भेटीला पत्नीला आणि तो लिफाफा, दोघांनाही घेऊन यायला सांगितले.

लिफाफा त्यांच्या पत्नीने माझ्या टेबलावर उघडला. वसंतात पत्नीच्याच खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती, फिजिओथेरपी चालू होती आणि त्या वर्षीचे त्यांचे डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी खर्च उचलू लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, भरून झाले होते. कागदावर बोट फिरवताना त्या थांबल्या. "अरे, इथे प्रत्येकाच्या नावापुढे वेगळा चौकोन आहे. म्हणजे फक्त माझ्यापुरता घेता येईल?"

येतो. कुटुंबातील प्रत्येकाला हा हक्क स्वतंत्रपणे मिळतो. एकटीचा हप्ता सुमारे ७९० डॉलर होता. समीर आणि मुलगा राज्याच्या विमा बाजारपेठेतून, म्हणजे नोकरीशिवाय स्वतः विमा विकत घेता येतो त्या सरकारी व्यवस्थेतून, वेगळी पॉलिसी घेऊ शकत होते. समीर बराच वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, "मी तीन आठवडे हा हिशोब एकट्यानेच करत होतो." त्या वाक्यासाठीच मी आधीच्या तीन भेटी थांबले होते, असे मला आजही वाटते.

अशा घरांना मी मुदती कागदावर लिहायला लावते. कोब्रा निवडण्यासाठी, सूचना मिळणे आणि विमा संपणे यांपैकी जे नंतर घडेल तेथून, किमान ६० दिवस असतात. निवडल्यावर पहिल्या भरण्यासाठी ४५ दिवस मिळतात. विमा मागील तारखेपासून लागू होतो, पण मधले सर्व हप्तेही भरावे लागतात. बाजारपेठेचे ६० दिवस मात्र विमा संपल्यापासून मोजले जातात, आणि जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यात शिरायला बहुधा ३० दिवसच असतात. बाजारपेठेची मुदत उलटल्यावर कोब्रा आपणहून मध्येच सोडला, तर बाजारपेठेचे दार सहसा वार्षिक नोंदणीपर्यंत बंद राहते. न्यू जर्सीत विम्याशिवाय राहिल्यास राज्याच्या करात दंडही बसू शकतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेल्यानंतर अमेरिकेत राहण्यासाठी मिळणारे जास्तीत जास्त ६० दिवस या सर्वांपासून वेगळे आहेत. दोन्हींची सरमिसळ करून झोप घालवणारे कितीतरी लोक माझ्याकडे येतात.

अर्ज त्याच आठवड्यात गेला. पुढच्या भेटीत समीर मुलाखतीच्या तयारीविषयी बोलायला आले होते.