भट्टीचं नंतर बघू, आधी ती 'ठेव' परत करा

साताऱ्याच्या एका वाचक मुलीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी 24 वर्षांची आहे. जे. जे.मधून सिरॅमिक्सची पदवी घेतली. पुण्यात धायरीला 600 चौरस फुटांचा गाळा बघितलाय, भाडं 20 हजार. भट्टी, तीन चाकं, पग मिल (माती मळायचं यंत्र), रॅक, वायरिंग आणि डिपॉझिट धरून 12 लाख लागतील. 5 लाख आई देणार आहे, 7 लाखांचं कर्ज काढायचं आहे. महिन्याला चहाचे 200 मग प्रत्येकी 600 रुपयांनी विकले तरी 1 लाख 20 हजार येतील, म्हणजे दीड वर्षात सगळं फिटेल. प्रश्न एवढाच, की साडेचार लाखांची मोठी भट्टी घ्यावी की 1 लाख 80 हजारांची लहान? आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून 58व्या वर्षी निवृत्त झाली, पेन्शन 36 हजार. निवृत्तीचे 22 लाख दोन महिन्यांपूर्वी जमा झाले. त्यातले 6 लाख बँकेतल्या मॅडमनी माझ्या नावाने एकरकमी ठेवीत घातले, 20 वर्षांनी 1 कोटी 20 लाख मिळणार आहेत. ती ठेव केल्यामुळे आईच्या पेन्शनवरचं कर्ज लगेच होईल, असं त्या म्हणाल्या. बाबांचं किराणा दुकान 2020 मध्ये बंद झालं. गाळा घरचाच आहे, सध्या एका कुरिअरवाल्याला 4 हजारांनी दिलाय."

भट्टीचं उत्तर लहान भट्टी. कारणं खाली येतील.

पत्र वाचताना मी अडकलो ते '6 लाखांचे 1 कोटी 20 लाख' इथे. 20 वर्षांत 20 पट म्हणजे वर्षाला 16 टक्के. एवढं व्याज देणारी ठेव या देशात कुठलीही बँक देत नाही, देत असती तर मीही दुकान बंद करून तिथे रांगेत उभा राहिलो असतो. म्हणून तुमच्याकडून कागद मागवले. ते ठेवीचे नाहीत, आयुर्विमा पॉलिसीचे आहेत. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणाऱ्या, आई; विमा तुमच्या जिवावर. हप्ता 6 लाख, वार्षिक. हप्ते भरायची मुदत 10 वर्षं. 'एकरकमी' हा शब्द 34 पानांत कुठेही नाही.

म्हणजे 6 लाख नव्हे, 60 लाख भरायचे आहेत. आईंची पेन्शन वर्षाला 4 लाख 32 हजार आणि हप्ता 6 लाख. ज्या बाईंच्या खात्यात दर महिन्याला 36 हजार जमा होतात हे ज्या शाखेला पक्कं ठाऊक आहे, त्याच शाखेने त्यांच्या गळ्यात महिना 50 हजारांचा हप्ता बांधला. वर त्याच पेन्शनवर 7 लाखांचं कर्ज, त्याचा हप्ता 13 टक्क्यांनी पाच वर्षं धरला तर साधारण 16 हजार. दोन्ही मिळून 66 हजार. पेन्शन 36. यात हिशेब चुकला असं मला वाटत नाही. मार्चअखेरचं टार्गेट होतं, ते झालं.

मिळणार काय, तेही बघू. 60 चे 1 कोटी 20 लाख, म्हणजे दुप्पट. पैसे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने जातात, तेव्हा सरासरी पैसा पंधरा-साडेपंधरा वर्षं अडकतो. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजदराचा अंदाज येतो. 72 ला साडेपंधराने भागा, साडेचार-पावणेपाच टक्के येतात. तेही करपात्र. 1 एप्रिल 2023 पासून काढलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता 5 लाखांच्या वर गेला, तर मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेतल्या नफ्यावर कर लागतो. कर भरून हातात उरेल ते पोस्टात गेलात तरी सहज मिळालं असतं.

आणखी एक. प्रस्ताव अर्जात तुमचा व्यवसाय 'सिरॅमिक उद्योग' आणि उत्पन्न वर्षाला 12 लाख लिहिलंय. कागदोपत्री तुमचा स्टुडिओ सुरू होऊन चांगला चाललाय, अभिनंदन. खाली सही तुमची आहे. कंपनीचा खातरजमेचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा, ती फॉर्म्यालिटी आहे" असं मॅडमनी सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात, हे तुम्हीच मला कळवलंत. तो फोन रेकॉर्ड होतो. उद्या तक्रार केलीत तर तोच तुमच्याविरुद्ध वाजवला जाईल.

पण तक्रारीची वेळ अजून आलेली नाही, आणि नशीब म्हणायचं ते इथेच. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. मेलवर आलेली पॉलिसीही हातात पडली असंच धरतात. तुम्हाला ती मेलवर आली आणि नवव्या दिवशी तुम्ही मला भट्टीबद्दल लिहिलंत. म्हणजे 21 दिवस उरले होते. हे उत्तर इथे येईपर्यंत त्यातले काही जाणार, म्हणून कागद बघितल्या दिवशीच तुम्हाला मेल केला. तरी पुन्हा सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी आणखी कुणाच्या घरी अशीच 'ठेव' असेल.

अर्ज लेखी करायचा. पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख, 'फ्री-लूक मुदतीत रद्द करत आहे' हे स्पष्ट वाक्य, कारण 'एकरकमी सांगितली, प्रत्यक्षात वार्षिक हप्त्याची आहे', सोबत रद्द केलेला चेक. अर्जावर सही आईंची, कारण प्रस्तावक त्या आहेत. तो विमा कंपनीच्या शाखेत नेऊन द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. शिवाय आईंच्या नोंदवलेल्या मेलवरून कंपनीला तोच अर्ज. बँकेतल्या मॅडमच्या हातात देऊन यायचं नाही. त्या चहा पाजतील, "साहेबांशी बोलते" म्हणतील आणि दिवस घालवतील. मग कंपनीतून गोड आवाजात फोन येईल, हप्ता कमी करून देतो, मुदत पाच वर्षं करून देतो. नाही म्हणायचं. मुद्रांक शुल्क, मधल्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा आकार आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, एवढं कापून बाकी पैसे परत मिळतात. 30 दिवस उलटले तर मात्र मार्ग लांबचा आहे: आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' हे तक्रारींचं पोर्टल, मग बीमा लोकपाल. लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे, पण तिथे जायची पाळी न आलेली बरी.

आणि कर्ज हवं असेल तर पॉलिसी घ्यावीच लागेल, अशी सक्ती कुठलीही बँक करू शकत नाही. तसं पुन्हा कुणी म्हणालं तर "लिहून द्या" एवढंच म्हणा. कुणी लिहून देत नाही.

दुसरं घड्याळही चालू आहे, तेही तुम्ही विचारलेलं नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर मिळते, पण 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. आईंचे दोन महिने गेले. बचत खात्यात आत्ता 16 लाख पडून आहेत. त्यातले 15 लाख पोस्टात, निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घेऊन, याच आठवड्यात. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 23 हजार, दर तिमाहीला 30,750. आईंची पेन्शन 36 हजारांवरून 46 हजार झाल्यासारखं आहे. पॉलिसीचे 6 लाख परत आले की ते आणि उरलेला 1 लाख मिळून 7. त्यातले 4 लाख साध्या मुदत ठेवीत, दुखण्याखुपण्यासाठी. 3 लाख तुमच्या स्टुडिओला. पाच नाही, तीन.

आता मगांचा हिशेब.

महिन्याला 200 मग हा आकडा तुम्ही कुठून काढलात ते लक्षात आलं: 1 लाख 20 हजारांना 600 ने भागून. उलट बाजूने या. एकट्या माणसाने चाकावर काढायचे, दुसऱ्या दिवशी ट्रिमिंग म्हणजे जादा माती खरवडायची, कान लावायचा, सावकाश वाळवायचे, बिस्किट फायरिंग म्हणजे पहिली भाजणी, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, पुन्हा फायरिंग, बूड घासायचं, फोटो काढायचे, गुंडाळून खोक्यात भरायचे. सुरुवातीला महिन्याला 100 झाले तरी मी चांगलं म्हणेन. त्यातले 25 तडे, टाचणीएवढी छिद्रं आणि फळीला चिकटलेलं ग्लेझ यांत जातील. कॉलेजात वाया गेलेल्या मालाचा हिशेब कुणी मागत नव्हतं. उरले 75. पहिल्या वर्षी सगळे खपत नाहीत, 45 धरू. 25 तुम्ही स्वतः 600 ने विकलेत, 15 हजार. 20 दुकानातून. दुकान 40 टक्के ठेवून घेतं, म्हणजे तुमच्या हातात 360, एकूण 7,200. झाले 22 हजार. माती-ग्लेझ 4 हजार, वीज 4 हजार, पॅकिंग-कुरिअर 3 हजार. उरले 11 हजार. यातून धायरीचं 20 हजार भाडं आणि कर्जाचा 16 हजार हप्ता द्यायचा आहे. तुमचं जेवण मी धरलेलंच नाही.

माझ्या टेबलावर अशा हाताने केलेल्या मगात चहा असतो. 650 रुपयांना घेतला तेव्हा बायकोला म्हणालो होतो, लुटलं. वरचा हिशेब एका कुंभारकाम करणाऱ्या अशिलाच्या वह्या बघताना शिकलो. त्यानंतर किमतीबद्दल तोंड उघडलेलं नाही.

त्या अशिलाचं घर मगांवर चालत नाही, रविवारच्या कार्यशाळांवर चालतं. आठ जण, प्रत्येकी दीड हजार, तीन तास. तुम्ही तुमच्या हिशेबात हे उत्पन्न धरलेलंच नाही, आणि पुण्यात ग्राहक आहे हे तुमचं म्हणणं इथे मात्र खरं आहे. पण त्यासाठी धायरीला महिनाभर भाडं कशाला? हाताने घडवायच्या कामाला चाक लागत नाही. महिन्यातून दोन रविवार कुणाच्या तरी जागेत, दिवसाच्या भाड्याने घ्या, वस्तू साताऱ्याला आणून भाजा, पुढच्या खेपेला परत द्या. सातारा-पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे.

आणि भाजायला जागा आहेच की! बाबांचं दुकान. पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही ते उरकून टाकलंय. घरचा गाळा, रस्त्यावर शटर, दुकानाचं वीज मीटर. 4 हजारांचं भाडं बुडेल, 20 हजारांचं वाचेल. बाबांना विचारून घ्या. बंद पडलेल्या दुकानाचा विषय घरात नाजूक असतो हे मला कळतं, म्हणूनच कदाचित तुम्ही तो शेवटी लिहिलात. कुरिअरवाल्याला नोटीस द्यायला महिना-दोन महिने लागतील.

तेवढ्या काळात दोन कामं. एक, कुणाच्या तरी चालू स्टुडिओत मदतनीस म्हणून राहा, पगार कमी असला तरी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने किती भट्ट्या लावल्यात आणि उघडल्यात, असं मी मेलमध्ये विचारलं होतं. उत्तर आलं, चार. कॉलेजात भट्टी दुसरं कुणीतरी सांभाळत होतं. चार भट्ट्यांच्या अनुभवावर साडेचार लाखांची भट्टी घेऊ नये. दोन, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. महिलांना शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा 5 टक्के, बाकी बँकेचं कर्ज, आणि ते तुमच्या नावावर, आईंच्या पेन्शनवर नाही. मात्र योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी भट्टी आणून ठेवली आणि मग अर्ज केला, असं चालत नाही. म्हणून चौकशी आधी, भट्टीची ऑर्डर नंतर. मंजुरीला वेळ लागतो. लागू द्या, तोवर नोकरी आहे.

लहान भट्टी का, तर मोठी भट्टी भरायला महिनाभराचा माल लागतो. ग्लेझ बिघडलं तर महिना गेला. लहान भट्टी आठवड्यात भरते, चूक आठवड्यात कळते. मोठीला थ्री फेज आणि वाढीव भार लागेल, त्यासाठी महावितरणकडे अर्ज आणि खर्च. लहानीलाही किती किलोवॅट लागतात ते विचारून दुकानाच्या मीटरशी ताडून बघा. मोठी ऑर्डर आलीच तर दुसऱ्याच्या भट्टीत पैसे देऊन भाजून घेता येतं. लहान भट्टी 1 लाख 80 हजार, एक चाक 40 हजार, वायरिंग आणि वाहतूक 40 हजार, माती-ग्लेझ-हत्यारं 40 हजार. 3 लाख झाले. पग मिल आत्ता नको, तयार माती विकत मिळते. तीन चाकंही नकोत, तुम्ही एकट्या आहात.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये भट्टीच्या आतल्या फळ्या आणि टेकू कुठेच दिसत नाहीत. 1,200 अंशांच्या पुढे टिकणाऱ्या फळ्या स्वस्त नसतात. त्या धरल्या आहेत का, जीएसटी वेगळा आहे का, आणि कॉइल जळाली तर बसवायला माणूस साताऱ्याला येणार का, हे तीन प्रश्न विकणाऱ्याला मेलवर विचारा. पण पॉलिसी रद्द करायच्या अर्जाची शिक्का मारलेली पोच मिळाल्यानंतर. तिचा फोटो आधी मला पाठवा.