वय ३९: नर्सिंग, लॅब की फार्मसी?

प्रश्न: बारावी सायन्स (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), मग बी.कॉम. नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स पाहते. आईच्या आजारपणात हॉस्पिटल जवळून पाहिलं. आता त्याच क्षेत्रात यायचंय. नर्सिंग, लॅब की फार्मसी?

उत्तर: नर्सिंगचा विचार सोडा. जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) कमाल वय ३५. सूट फक्त आधीच एएनएम (सहाय्यक परिचारिकेचा कोर्स) झालेल्यांना. 'वयाची अट नाही, वर्षात नर्स व्हा' या जाहिरातींना तुमच्याच वयाच्या बायका फसतात. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. मग मदतनिसाचं काम आणि पगारही तेवढाच. कुठलीही फी भरण्याआधी विचारा, 'माझी नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होईल?' उत्तर मिळालं की त्या कौन्सिलच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः तपासा.

लॅबचं काम हातांचं आहे, आणि सकाळी उपाशीपोटीच्या सॅम्पलपासून सुरू होतं. रक्त काढताना दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा, जांभळ्या झाकणाची नळी आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, हलवायची राहिली तर रक्त गोठतं. दोन्हीत पेशंटला पुन्हा सुई. हे दिवसभर न कंटाळता जमेल का, ते प्रामाणिकपणे ठरवा.

तुमच्यासाठी मला डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) जास्त योग्य वाटतं. दोन वर्षं, त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रशिक्षण. प्रवेश बारावीच्या गुणांवर, सीईटी नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळी ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे नोकरी सोडावीच लागेल. 'कॉलेजला न येता डिप्लोमा' म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. फीसोबत सव्वादोन वर्षांचा घरखर्च बाजूला असेल तरच राजीनामा द्या.

अकाउंट्सचा अनुभव इथे वाया जात नाही. स्टॉक, एक्स्पायरी, शिवाय शेड्यूल एच-१ औषधांचं (कडक नोंद ठेवून चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची सरकारी यादी) रजिस्टर: डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. सरकारी नोकरीवर मात्र भिस्त ठेवू नका. राज्यात खुल्या गटाची मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. पुढे कुणी तुमचं नुसतं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट दुकानात लावायला मागेल, महिन्याला पैसे देईल. देऊ नका. तो गुन्हा आहे आणि नोंदणीही जाऊ शकते.

ठरवण्याआधी ओळखीच्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये परवानगीने आठवडाभर संध्याकाळी सहा ते नऊ उभ्या राहा; गर्दी तेव्हाच असते. आणि बारावीची मूळ गुणपत्रिका आजच शोधा. नसेल तर नाशिक विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज लगेच करा. प्रवेश सुरू झाल्यावर ती वेळेत हाती येईलच असं नाही.