पैसा अवजारात नको, लाकडात घाला

लाकडी धनुष्य घरी करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी निवडले आहेत. बहुतेकांनी अवजारांची यादी मागितली आहे. ती दिली आहेच, पण धनुष्य मोडतं ते शक्यतो लाकूड चुकीचं निवडल्यामुळे किंवा घाई केल्यामुळे, म्हणून उत्तरांत जास्त जागा त्याला गेली आहे.

प्रश्न : जिथे पाहावं तिथे स्पोकशेव्ह, ड्रॉनाइफ, बँडसॉ अशी महागडी यादी दिसते. माझ्याकडे करवत आणि कुऱ्हाड एवढंच आहे. अजून किमान काय घ्यावं?

निम्मं सामान तुमच्याकडे आहे. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या माणसाच्या गोठलेल्या देहाजवळ यू लाकडाचं अर्धवट घडवलेलं धनुष्य होतं. लांबी जवळजवळ १.८ मीटर. तासल्याचे घाव त्याच्यावर आजही दिसतात, आणि शेजारी होती ती तांब्याची कुऱ्हाड.

विकत घ्यायची ती एक चांगली कानस, लाकडासाठीची, दातेरी, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने अर्धगोल. इथे काटकसर करू नका. स्वस्त कानशीचे दात चार दिवसांत बोथट होतात आणि मग माणूस जोर लावून लाकूड ओरबाडायला लागतो. घोड्याच्या खुरांसाठी वापरलेली जुनी कानस मिळाली तर जरूर घ्या. खुरांसाठी बाद झालेली कानस लाकडावर अजून बरंच काम देते.

खरवडणी घरीच करा. हातकरवतीच्या जुन्या पात्याचा ३ × ५ इंचाचा तुकडा कापा, लांब कड कानशीने अगदी काटकोनात घासा आणि मग स्क्रूड्रायव्हरचा गुळगुळीत दांडा किंचित तिरका धरून कडेवरून दाबून चार-पाच वेळा ओढा. कडेला बारीक ओठ उमटतो, पात्याच्या मधून बाहेरच्या बाजूला अलगद बोट नेलं की तो जाणवतो. खरी धार हीच. खरवडताना कागदासारखी पातळ कुरळी सालपटं निघाली तर ठीक. भुसा पडायला लागला की ओठ गेला, पुन्हा कड घासा. पात्याऐवजी ताज्या फुटलेल्या काचेची कडही चालते, फक्त हातमोजे आणि चष्मा हवा.

याखेरीज दोन क्लॅम्प, जाडी मोजायला साधा प्लास्टिकचा कॅलिपर, पेन्सिल आणि सामान तोलायचा हुकाचा काटा. इलेक्ट्रिक सँडर घेऊ नका. तो एका जागी सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूड कधी खातो ते कळत नाही, आणि धनुष्याच्या पोटावर, म्हणजे ओढताना आपल्याकडे असलेल्या बाजूवर, सूतभर म्हणजे फार झालं.

प्रश्न : झाड तोडणं शक्य नाही. लाकडाच्या वखारीतल्या फळीतून धनुष्य होतं का? माझं पहिलं धनुष्य २० इंचांच्या ओढीला पाठीवरून उभं फाटलं.

होतं, आणि नवशिक्यासाठी तोच सगळ्यांत स्वस्त रस्ता आहे. पण तुमचं धनुष्य फाटलं ते बहुधा फळी रेषा न बघता उचलल्यामुळे. धनुष्य ओढलं की पाठ, म्हणजे नेम धरताना समोर असलेली बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबली जाते. लाकडाचा धागा पाठीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेला तर तो ताण धाग्यावर येतो. धागा मध्येच फळीच्या कडेबाहेर निघून गेला तर ताण येतो दोन धाग्यांच्या मधल्या जोडावर. लाकूड तिथेच उकलतं.

म्हणून फळ्यांच्या थप्पीसमोर घाई करू नका. आधी रुंद बाजू बघा. रेषा फळीच्या पूर्ण लांबीत कडेला समांतर जायला हव्यात. मध्ये लांबट त्रिकोण किंवा बेटासारखे आकार दिसत असतील तर धागा पृष्ठभागातून वर येतोय, ती फळी परत ठेवा. मग अरुंद कड बघा, तिथेही तेच. शेवटी टोक बघा. वलयं आडवी, उभी की तिरकी, याने फार बिघडत नाही, लांबीतली रेष सरळ असणं महत्त्वाचं. बाहूंवर, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडच्या वाकणाऱ्या भागांवर, पेन्सिलीएवढी गाठसुद्धा नको. पन्नास फळ्यांत एक मिळाली तरी समाधान माना. निवडायला पैसे पडत नाहीत.

जात कोणती? हिकरी, ॲश, एल्म, मेपल, रेड ओक यांपैकी जे सहज मिळेल ते, किंवा धामण. पाइन आणि तत्सम हलकी, मऊ लाकडं पहिल्या धनुष्याला नकोत. हाताला वजनदार लागणारी फळी सहसा बरी.

मापं अशी धरा. २८ इंच ओढीला साधारण ४० पौंडांचं, म्हणजे तेवढं ओढायला ४० पौंड जोर लागेल असं, धनुष्य हवं असेल तर फळी ७२ इंच लांब, दीड इंच रुंद आणि ६ सूत जाड. मधले ४ इंच मुठीचे, दोन्हीकडे २-२ इंच उतार. तिथून बाहूच्या निम्म्यापर्यंत पूर्ण रुंदी ठेवा, पुढे टोकाला अर्ध्या इंचावर आणा. जाडी उताराजवळ ५ सूत, टोकाशी ४ सूत, ही फक्त सुरुवात. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडी १० टक्के कमी झाली की ताठपणा साधारण २७ टक्के घटतो. म्हणून रुंदी करवतीने काढली तरी चालते, जाडी मात्र खरवडूनच उतरवावी.

मुठीला जाडी देण्यासाठी ८ इंचांचा ठोकळा सुतारी गोंदाने किंवा इपॉक्सीने चिकटवा. तो नंतर टणकन सुटून येतो अशी तक्रार नेहमीची आहे. दोष गोंदाचा क्वचितच असतो. ठोकळ्याची टोकं जाड राहिली आणि त्यांच्याखालचं लाकूड वाकायला लागलं की जोड उकलतो. टोकं कागदाइतकी पातळ होईपर्यंत उतरवा आणि बाहूचा वाक त्यांच्यापासून इंचभर पुढे सुरू होऊ द्या.

रेषेबद्दल थोडीशी शंका उरली तर पाठीवर लिननचं कापड गोंदाने ताणून चिकटवा. पाठीला आधार मिळतो, बारीक सालपट उठायचं थांबतं. वाईट फळी मात्र त्याने चांगली होत नाही.

प्रश्न : एल्मचं ओलं खोड फुकट मिळालं. सावलीत ठेवलं, तरी तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना बोटभर रुंद भेगा पडल्या. सगळं वाया गेलं का?

खोड लांब असेल तर नाही. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडतं, टोकं आधी आकसतात आणि फाटतात. भेग संपते त्याच्या दोन इंच आतून कापा. उरलेली लांबी ६६ इंचांच्या वर असेल तर धनुष्य निघेल.

पुढच्या वेळी खोड कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना गोंदाचा किंवा जुन्या रंगाचा जाड थर द्या आणि पाचरी ठोकून खोडाच्या उभ्या फाका करा. करवतीने चिरू नका. पाचर धाग्याच्या वाटेने जाते, करवत आपल्या वाटेने. सोबत साल काढलीत तर पाठीलाही रंगाचा किंवा गोंदाचा हात हवा, नाहीतर तिथे बारीक भेगा येतात. एल्मसारख्या पांढऱ्या लाकडात सालीखालचं पहिलंच वलय पाठ म्हणून वापरता येतं. त्याला अवजार लावू नका.

अखंड फाक वाळायला वर्षही लागतं. धनुष्याचा ओबडधोबड आकार आधीच काढलात आणि तो सरळ काठीला बांधून ठेवलात तर काही आठवड्यांत काम होतं. वाळलं की नाही ते तोलून ठरवा. आठवड्यातून दोनदा वजन लिहून ठेवा, आकडा उतरायचा थांबला की हवेतल्या दमटपणाशी लाकडाचा मेळ बसला. ओलं लाकूड मोडत नाही, पण ओढलं की तसंच वाकलेलं राहतं.

प्रश्न : टिलरिंग करताना, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकावेत म्हणून थोडं थोडं लाकूड काढताना, एक बाहू एकाच जागी वाकतो, बाकी काठीसारखा ताठ. जिथे वाकतो तिथे काय करावं?

तिथे काहीही करू नका. ती जागा आधीच कमजोर आहे, तिच्यावर पेन्सिलीने फुली मारा आणि तिच्या दोन्ही अंगांना खरवडा.

डोळ्यांना ताठ भाग दिसत नसेल तर ६ इंचांचा सपाट ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून पेन्सिल घट्ट बसवा. धनुष्य थोडं वाकवून क्लॅम्प केलं की पोट आत वळतं. सगळ्यांत जास्त वाकलेल्या जागी पेन्सिलीचं टोक पोटाला जेमतेम लागणार नाही इतकं बाहेर काढा आणि ठोकळा बाहूवरून सरकवा. जिथे रेघ उमटेल तो भाग ताठ, तिथलं लाकूड काढायचं. तासाभराचं तर्क करणं यात वाचतं.

लाकूड काढल्यावर लगेच निकाल लावू नका. धनुष्य ३० वेळा थोडं थोडं ओढून मगच बघा, नाहीतर बदल दिसायच्या आत तुम्ही पुढचं लाकूड काढलेलं असेल. काट्यावर ठरवलेलं वजन आलं की त्यापुढे एक इंचही ओढू नका, मग ओढ १२ इंचांचीच झाली असली तरी. ४० पौंडांचं धनुष्य कच्चं असताना ५५ पौंडांपर्यंत ओढलं तर पोटाचे धागे चिरडतात आणि तो वाक कायमचा राहतो. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर हेच झालं आहे. काचपेपरने शेवटी एक-दोन पौंड उतरतात, तेवढी सोय आधी ठेवा.

प्रश्न : तयार दोरी महाग पडते. कुठला धागा चालेल?

पॉलिस्टर. डॅक्रॉन म्हणून मिळतं तेही तेच. नायलॉन फार ताणतो, दोरी चढवली तरी सैल होत जाते. उलट अजिबात न ताणणारे आधुनिक धागे साध्या लाकडात दोरी अडकवायला केलेल्या खाचा चिरतात. गादी-सोफ्याच्या शिलाईचा जाड पॉलिस्टर धागा घ्या, एक पदर हुकाच्या काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढा आणि आकडा बघा. पूर्ण दोरीने धनुष्याच्या वजनाच्या किमान चौपट भार सोसला पाहिजे. ४० पौंडांना १६०. पदर १० पौंडाला तुटत असेल तर १६ पदर घ्या. मेण लावा, एका टोकाला फास वळा, दुसऱ्या टोकाला दोरी बाहूभोवती नेऊन स्वतःभोवतीच तीन वेढे द्या. ही गाठ सोडून लांबी बदलता येते. चढवलेल्या दोरीचं मुठीपासून अंतर ६ इंच ठेवा.

प्रश्न : शेवटी वार्निश की तेल?

दोन्ही चालतं. जवसाचं तेल स्वस्त आणि लावायला सोपं. पातळ हात द्या, वाळू द्या, असे चार-पाच. पाणी मात्र ते थोडंच अडवतं, दमट हवेत वरून मेण हवंच. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.